‘नस कापली’ म्हणजे नेमकं काय कापलं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संक्रांत जवळ आली की मांजाने गळा चिरल्याच्या, बोटं कापल्याच्या बातम्या सुरू होतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. एरवीही प्रेस मशीनमध्ये सापडलेला हात, खिडकीच्या काचेने कापलेलं मनगट, बाइकवरून पडल्यावर लुळा पडलेला खांदा हे सगळं मुंबईच्या पानावर असतंच. त्यात एक वाक्य हमखास असतं : ‘हाताची नस कापली गेली, डॉक्टरांनी टाके घालून ती जोडली.’ हाताच्या शस्त्रक्रिया आणि उपचारांच्या कामात असलेल्या आम्हा मंडळींना त्या वाक्यातून काहीच कळत नाही. मराठीत ‘नस’ किंवा ‘शीर’ म्हटलं की रक्तवाहिनी आली, बोट ओढणारा टेंडन आला आणि मेंदूचा निरोप नेणारा-आणणारा मज्जातंतूही आला. रक्तवाहिनी कापली की रक्ताची धार लागते, ती कोणी विसरत नाही. टेंडन तुटला की बोट वाकत नाही, तेही दिसतं. मज्जातंतू मात्र कापला तरी वरून जखम तेवढीच दिसते, आणि नजरेतून सुटतो तो हाच.

सुटतो कसा, ते आधी सांगतो. मनगटावर काच लागलेला माणूस रात्री जवळच्या दवाखान्यात जातो. रक्त थांबवायची घाई असते. बधिर करायचं इंजेक्शन दिलं जातं, कातडीला सहा टाके पडतात, पट्टी होते. बोटं सुन्न लागतात, पण ती इंजेक्शनमुळे असतील असं सगळेच धरून चालतात. दहा दिवसांनी टाके निघतात तेव्हा बोटं अजून सुन्नच असतात. मग ‘सूज आहे, उतरेल’ असं म्हणत आणखी दोन महिने जातात. हे टाळायला यंत्र लागत नाही. इंजेक्शन देण्याआधी दोन मिनिटं हवीत.

पंजाकडे तीन मुख्य मज्जातंतू जातात : मीडियन, अल्नर आणि रेडियल. तर्जनीच्या टोकाला कापूस लावून पाहावा. कळलं नाही तर मीडियन मज्जातंतूचा संशय. करंगळीचं टोक कळलं नाही तर अल्नरचा. तळहात वर ठेवून अंगठा सरळ छताकडे उचलायला सांगावा, ही मीडियनच्या स्नायूची परीक्षा. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरायला लावून ओढावा. अंगठ्याचं टोक वाकवून कागद धरावा लागत असेल तर अल्नरचे स्नायू गेले आहेत. मनगट मागे उचलता येत नसेल तर रेडियल. लहान मूल रडत असेल, सांगितलेलं ऐकत नसेल, तर डॉट पेनची गुळगुळीत प्लास्टिकची बाजू बोटाच्या पेरावरून हलकेच ओढावी. मज्जातंतू शाबूत असेल तर घामाच्या ओलीमुळे पेन किंचित अडखळतं. मज्जातंतू तुटला की त्या भागाला घाम येत नाही आणि पेन काचेवरून घसरावं तसं घसरतं. काही दिवस उलटून गेले असतील तर आणखी एक खूण आहे. कोमट पाण्यात अर्धा तास हात बुडवला की आपल्या बोटांना सुरकुत्या पडतात, मज्जातंतू तुटलेल्या बोटाला पडत नाहीत.

एक गोष्ट अजिबात करू नये : रक्ताने भरलेल्या जखमेत आंधळेपणाने चिमटा लावणं. मनगटात अल्नर रोहिणी आणि अल्नर मज्जातंतू एकमेकांना खेटून असतात. रोहिणी पकडायला गेलेला चिमटा मज्जातंतू चिरडतो, आणि सरळ काप गेलेल्या तंतूपेक्षा चिरडलेला तंतू दुरुस्त करणं अवघड असतं. स्वच्छ कापडाचा घट्ट दाब आणि हात उंच धरणं बहुतेक वेळा पुरतं.

आता दुरुस्तीच्या पद्धतींकडे. त्यांची तुलना करण्याआधी एक गणित समजून घ्यावं लागतं, कारण पद्धत निवडली जाते ती त्या गणितावर. १८५०मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणारे तंतू कापून दाखवलं की कापाच्या पलीकडचा भाग मरतो आणि झडतो. वरच्या टोकाकडून नवा तंतू फुटतो आणि जुन्या रिकाम्या नळ्यांमधून खाली सरकत जातो. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अंतर १८ सेंमी धरलं तर १८० दिवस, वर सुरुवातीचा महिनाभर. म्हणजे उत्तम शिवलेल्या मनगटाच्या मज्जातंतूलाही बोटाच्या टोकाशी पोहोचायला सात महिने लागतात. दीड महिन्यात बोट जागं झालं नाही म्हणून ऑपरेशन फसलं, असं म्हणणं बरोबर नाही. दुसरी बाजू अशी की स्नायू वाट पाहत बसत नाही. मज्जातंतूविना १२ ते १८ महिने गेले की तो सुकतो, त्यात तंतुमय ऊती भरते, आणि त्यानंतर मज्जातंतू पोहोचला तरी काम करायला स्नायूच उरलेला नसतो. मानेतून हाताच्या पंजातल्या बारीक स्नायूंपर्यंत सुमारे ७० सेंमी, म्हणजे ७०० दिवस. हे गणित मुळातच जमत नाही.

सरळ काप असेल, टोकं ताजी असतील, तर टोकाला टोक जोडणं हीच आजही पहिली पसंती. शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत. त्याला एक खास कारण आहे : सुमारे ७२ तास खालच्या तुटलेल्या टोकाला बारीक विद्युत-उत्तेजन दिलं तर स्नायू अजून हलतो, त्यामुळे स्नायूकडे जाणारा गुच्छ कोणता ते ओळखता येतं. नंतर ती सोय राहत नाही.

मज्जातंतू म्हणजे एकसंध दोरी नव्हे. जाड केबल कापली की आत बारीक वायरींचे गुच्छ दिसतात तसा तो दिसतो. बाहेर एक सैल वेष्टन, आत गुच्छ, प्रत्येक गुच्छाला स्वतःचं वेष्टन, त्यात हजारो तंतू. शिवण्याआधी टोक तपासावं लागतं. लाकडी जीभदाबणीच्या पट्टीवर ते ठेवून धारदार पात्याने एकेक मिलिमीटरची चकती काढत जातात, पाव कापतात तशी. निरोगी भाग आला की गुच्छ कापलेल्या पृष्ठभागातून किंचित फुगून बाहेर येतात आणि बारीक रक्तबिंदू दिसतात. पांढरट, घट्ट, गुच्छ न दिसणारा भाग उरला असेल तर तो व्रण आहे, आणि व्रणाला व्रण शिवून काही उपयोग नाही. इथे कंजूषपणा केला की पुढचं सगळं वाया.

मग मायक्रोस्कोपखाली पृष्ठभागावरच्या रक्तवाहिन्यांच्या रेषा आणि गुच्छांचा नकाशा जुळवून टोकं समोरासमोर आणतात. स्नायूकडचा तंतू कातडीच्या नळीत शिरला तर विरारची गाडी कल्याणच्या रुळांवर गेल्यासारखं होतं. ती धावेल, कुठेतरी पोहोचेलही, पण विरारच्या उतारूंना त्याचा उपयोग नाही. टाके ८-० ते १०-० जाडीच्या नायलॉनचे. १०-० म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या जवळपास, डोक्याच्या केसाहून कितीतरी बारीक. बोटाच्या मज्जातंतूला दोन ते चार टाके पुरतात. जास्त टाके म्हणजे जास्त व्रण. फक्त बाहेरचं वेष्टन शिवावं की प्रत्येक गुच्छ वेगळा शिवावा, यावर बराच वाद झाला आहे. सरसकट गुच्छ शिवल्याने निकाल सुधारतो असं दिसलेलं नाही. मनगटासारख्या ठिकाणी, जिथे स्नायूचा गुच्छ स्पष्ट ओळखता येतो, तिथे तो वेगळा जुळवावा. बाकी ठिकाणी बाहेरचं वेष्टन नीट शिवणं पुरेसं. काही ठिकाणी टाक्यांच्या जोडीला फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, गोंद वापरतात. वेळ वाचतो, ताण मात्र गोंद पेलत नाही.

मनगटात एक घोळ असा होतो की ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही : मज्जातंतूचं टोक टेंडनला शिवलं जातं. दहा-बारा टेंडन आणि दोन मज्जातंतू एकदम कापले गेले की जखमेत शेवयांचं ताट मांडल्यासारखं दिसतं. मीडियन मज्जातंतू आणि पामारिस लाँगस टेंडन तिथे एकमेकांच्या अगदी जवळ. टेंडन पांढरा, चकचकीत, कडक. मज्जातंतू पिवळसर, मऊ, आणि त्याच्या अंगावरून बारीक रक्तवाहिनी धावते. मायक्रोस्कोप किंवा निदान चांगली भिंगं नसताना, अपुऱ्या भुलेखाली, रात्री तीन वाजता हे काम हाती घेण्यापेक्षा जखम धुऊन, कातडी सैल मिटवून दुसऱ्या दिवशी योग्य ठिकाणी पाठवणं शहाणपणाचं.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ताण. सशांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की मज्जातंतू सुमारे ८ टक्के ताणला की त्यातला रक्तप्रवाह मंदावायला लागतो आणि १५ टक्क्यांच्या आसपास थांबतो. म्हणून एक साधी कसोटी आहे : एका ९-० टाक्याने टोकं एकत्र राहत नसतील, टाका फाटत असेल, तर ओढून शिवायचं नाही. पूर्वी कोपर किंवा मनगट जोरात वाकवून अंतर मिटवायचे आणि प्लास्टर घालायचे. प्लास्टर काढून सांधा सरळ केला की जोड ताणला जायचा किंवा सुटायचा. पूर्ण तुटलेला हात पुन्हा जोडताना हाड थोडं आखूड करतात, त्यात मात्र मज्जातंतूंना सैलपणा मिळतो. तो वेगळा प्रसंग.

अंतर राहिलंच तर स्वतःच्याच दुसऱ्या मज्जातंतूचा तुकडा बसवणं, म्हणजे ग्राफ्ट, ही कसाला उतरलेली पद्धत. व्हिएन्नाचे हान्नो मिलेसी यांनी १९७०च्या दशकात ताण न देता गुच्छागणिक ग्राफ्ट बसवण्याची रीत रुजवली. तुकडा बहुतेक पोटरीतल्या सुरल मज्जातंतूचा. तो घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, मागे, बारीक नीलेच्या सोबतीने सापडतो. एका पायातून ३० ते ३५ सेंमी मिळतो. त्याची किंमत म्हणून पावलाची बाहेरची कड सुन्न राहते, आणि हे रुग्णाला आधी सांगायला हवं. हिशोब असा : मनगटात मीडियनमध्ये ५ सेंमी अंतर असेल तर सुरल बारीक असल्याने चार धागे शेजारी-शेजारी लागतात, म्हणजे २० सेंमी. आकसण्यासाठी दहा टक्के जास्त धरून २२ सेंमी. तुकडा उलटा बसवतात, म्हणजे वाटेतल्या फांद्यांमधून नवे तंतू भरकटत नाहीत. ग्राफ्टला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले काही दिवस तो आजूबाजूच्या ऊतींवर जगतो, म्हणून तो व्रणाच्या खडकात न ठेवता निरोगी स्नायू-चरबीत ठेवावा लागतो. आणि तंतूला आता एकाऐवजी दोन शिवणी ओलांडायच्या असतात. त्यामुळे ताण न येता सरळ जोड होत असेल तर ग्राफ्टपेक्षा तो बरा, आणि ताणलेल्या जोडापेक्षा ग्राफ्ट बरा.

नळीबद्दल जरा परखड लिहावं लागेल, कारण ती विकली जाते जोरात. कोलाजेनची किंवा विरघळणाऱ्या पॉलीग्लायकॉलिक आम्लाची पोकळ नळी दोन टोकांमध्ये बसवतात. आत फायब्रिनचा पूल तयार होतो, त्यावरून पेशी सरकतात, मागोमाग तंतू. अंतर जसजसं वाढतं तसा पूल मधोमध बारीक होत जातो, आणि ३ सेंमीच्या पलीकडे तो भरवशाचा राहत नाही. बोटाच्या संवेदनेच्या बारीक मज्जातंतूत एक-दीड सेंमीचं अंतर असेल तर नळी ठीक. पायातला तुकडा वाचतो. पण मनगटातल्या जाड, मिश्र (स्नायू आणि संवेदना दोन्हींच्या) मज्जातंतूत किंवा कोपराच्या वर चार सेंमीच्या अंतरात नळी बसवणं ही चुकीची काटकसर आहे, आणि नळीची किंमत पाहता ती काटकसरही नव्हे. नळीचा व्यास तंतूपेक्षा थोडा जास्तच हवा. घट्ट बसली तर सुजलेला तंतू गुदमरतो. टोक दोन-तीन मिलिमीटर आत ओढून घ्यायचं, आत सलाइन भरायचं, रक्ताची गाठ राहू द्यायची नाही. सांध्याजवळ काही नळ्या कातडीतून बाहेर येतात. तेवढ्याच लहान अंतरासाठी हाताच्या पुढच्या भागातली स्वतःची नीला वापरता येते. ती चपटी होऊ नये म्हणून तिच्यात स्नायूचे बारीक तुकडे भरतात. खर्च जवळजवळ शून्य. तिची जाहिरात होत नाही, एवढाच तिचा दोष.

मृत दात्याचा मज्जातंतू पेशीविरहित करून, निर्जंतुक करून, गोठवून ठेवलेला ग्राफ्टही आता वापरला जातो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागत नाहीत, पायाला चीर नाही. मधल्या लांबीच्या अंतरात, विशेषतः संवेदनेच्या तंतूंत, तो नळीपेक्षा सरस ठरतो. जिवंत पेशी नसल्याने लांब आणि जाड मोटर, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या, तंतूंत स्वतःचा ग्राफ्ट अजून पुढे आहे. तो महाग असतो, आणि हे ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे, आधी ठरवायचं असतं.

आता पुन्हा ते ७०० दिवसांचं गणित. बाइकवरून खांदा आणि डोकं विरुद्ध दिशांना ताणले जाऊन पडलेल्या तरुणाच्या मानेतली मज्जातंतूंची मुळं कधीकधी कण्यातल्या मज्जारज्जूपासूनच उपटली जातात. त्याच बाजूची पापणी थोडी झुकलेली आणि बाहुली लहान दिसली तर खालची मुळं उपटल्याची ती खूण. तिथे शिवायला टोकच नसतं. अशा वेळी दुसऱ्या, चालू असलेल्या मज्जातंतूची एखादी फांदी स्नायूच्या अगदी जवळ आणून जोडतात. यालाच मज्जातंतू-स्थलांतर म्हणतात. १९९४मध्ये फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबर्लिन यांनी अल्नरमधला एक बारीक गुच्छ दंडाच्या बायसेप्सला जोडण्याची पद्धत मांडली. तंतूला काही सेंमीच जायचं असतं, म्हणून काही महिन्यांत कोपर वाकायला लागतं, हात तोंडापर्यंत जातो. कोपराच्या वर अल्नर कापला असेल तर पंजापर्यंत ३५-४० सेंमी, वर्षाहून अधिक. म्हणून वर शिवायचंच, शिवाय मनगटाजवळच्या, तळवा खाली वळवणाऱ्या चौकोनी स्नायूची फांदी अल्नरच्या मोटर गुच्छाला जोडायची. अंतर दहा-बारा सेंमीवर येतं. तळवा वळवायला दुसरा, मोठा स्नायू असतोच.

यात चुका कुठे होतात? रक्त अडवायला दंडाला आवळलेल्या पट्ट्याखाली (टूर्निकेट) अर्ध्या तासाच्या आसपास मज्जातंतू उत्तेजनाला प्रतिसाद देईनासा होतो, किंवा भूलतज्ज्ञाने स्नायू शिथिल करणारं औषध चालू ठेवलेलं असतं. मग कोणता गुच्छ काय करतो ते कळतच नाही आणि कामाचा गुच्छ कापला जाण्याची भीती असते. शिवाय ज्याची फांदी उधार घ्यायची तो स्नायू मुळात पुरेसा बळकट हवा. ही शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांत व्हावी. वर्ष उलटलं की निकाल घसरतात.

सगळ्याच जखमा लगेच उघडायच्या नसतात, हेही तितकंच खरं. सेडन यांनी १९४३मध्ये आणि संडरलँड यांनी १९५१मध्ये केलेलं मज्जातंतूंच्या जखमांचं वर्गीकरण आजही याचसाठी कामाला येतं. दंडाचं हाड मोडून मनगट लोंबलं तर रेडियल मज्जातंतू बहुतेक वेळा नुसता दबलेला किंवा ताणलेला असतो आणि आपसूक सुधारतो. मनगट वर धरणारा स्प्लिंट (आधाराची पट्टी) लावून तीन-चार महिने वाट पाहतात. ईएमजी, म्हणजे स्नायू-मज्जातंतूंची विद्युत तपासणी, तीन-चार आठवड्यांनी करावी. पहिल्या आठवड्यात केलेली तपासणी फसवते, कारण कापलेल्या तंतूचा खालचा भाग काही दिवस वीज वाहत राहतो आणि रिपोर्ट ‘चांगला’ येतो. मशीनने चिरडलेल्या जखमेत टोकं कुठपर्यंत खराब आहेत ते पहिल्या दिवशी कळत नाही. ती टोकं आकसू नयेत म्हणून रंगीत टाक्याने जागच्या जागी बांधून ठेवून तीन आठवड्यांनी दुरुस्त करणं योग्य.

‘नसांच्या गोळ्या’ म्हणून बी-१२ची पाकिटं लिहून दिली जातात. शरीरात कमतरता असेल तर ती घ्यावीच, पण कापलेल्या तंतूची टोकं गोळीने एकत्र येत नाहीत. मालिशनेही नाही. शेकाच्या पिशवीचा तर धोकाच आहे, कारण सुन्न कातडीला भाजलेलं कळत नाही. चहाचा पेला, कुकरचं झाकण, तव्याची कड, बाइकचा सायलेन्सर यांवर अशी बोटं भाजून फोड येतात आणि फोड दिसल्यावर कळतं. सात-आठ महिने त्या हाताने गरम काही धरू नये.

शिवल्यानंतर साधारण तीन आठवडे स्प्लिंट, मग हळूहळू हालचाल. दर महिन्याला मज्जातंतूच्या वाटेवर बोटाने टकटक करावी. जिथे मुंग्या खालपर्यंत धावतात ती जागा पेनाने खूण करून मनगटापासून सेंमीमध्ये मोजून तारखेसह लिहावी. महिन्याला दोन-तीन सेंमी पुढे सरकली तर तंतू चालला आहे. दोन-तीन महिने एकाच जागी अडकली, दाबलं की कळ मारते, तर तिथे गाठ झाली असेल. दाखवायला जावं. संवेदना आली तरी आधी गोंधळलेली येते. डोळे मिटून नाणं, बटण, किल्ली ओळखण्याचा सराव मेंदूला पुन्हा शिकवतो. मुलांमध्ये निकाल चांगले येतात. वय, मधुमेह, विडी-तंबाखू यांनी ते खालावतात. मुंबईत पालिकेच्या केईएम, सायन आणि नायर रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत, आणि हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत पुनर्वसनाची सोय आहे. जाताना पहिल्या दवाखान्याचा कागद, जखमेची तारीख आणि जखमेचा फोटो न्यावा.

जखम दोन वर्षांची झाली असेल तरी दार पूर्ण बंद नसतं. कातडीला स्नायूसारखी मुदत नाही, त्यामुळे संवेदनेसाठी उशिराही दुरुस्ती करून पाहता येते. स्नायू गेले असतील तर मज्जातंतूच्या मागे न लागता टेंडन हलवता येतो. रेडियल गेलेल्या हातात तळवा वळवणारा प्रोनेटर टेरेस स्नायू मनगट उचलणाऱ्या टेंडनला जोडतात. चार-पाच आठवडे स्प्लिंट झाला की मनगट उचलायचा सराव सुरू होतो.

— हाताच्या शस्त्रक्रिया व हस्तोपचार क्षेत्रातील काही डॉक्टर आणि थेरपिस्ट, परळ, मुंबई